दोन वॉकर

फळ्यावर खडूनं नावं लिहायचं काम माझं.
हॅलिफॅक्सचं इस्पितळ, वॉर्ड सात,
त्र्याहत्तरचा डिसेंबर. कोळशाची टंचाई,
अर्धे दिवे बंद.
खाट अकरा : थर्झा वॉकर, वय ब्याऐंशी, खुब्याचं हाड.
रात्रपाळीची नर्स : वॉकर.
मेट्रन म्हणाली, एका फळ्यावर एकच नाव दोनदा,
उद्या औषध भलत्याच्याच तोंडात जाईल.
म्हणून नर्सच्या नावापुढे मी व्ही लावला.
व्हेरोनाचा व्ही.

थर्झाबाई दोन दिवस तो व्ही बघत होत्या.
तिसऱ्या रात्री विचारलंच,
"तू गं आमच्यातली कशी?"

नर्स थर्मामीटर झटकत होती.
पारा कधीच उतरला होता,
तरी झटकत राहिली.

मग बाईंनीच सुरुवात केली, म्हाताऱ्या करतात तशी, लांबून.
"लोकांना वाटतं आम्ही भटके. नाव तसं आहे खरं.
पण आमचे लोक कुठ्ठे म्हणून गेले नाहीत.
कॅल्डरच्या काठी लाकडाची डोणी,
डोणीत मागावरून उतरलेलं लोकरीचं ओलं कापड,
वर शिळं मूत, घरोघरी मडकी फिरवून आणलेलं,
आणि त्यात उघड्या पायांनी तुडवत राहायचं,
धाग्यात धागा मुरेस्तोवर.
दक्षिणेत अशा माणसाला फुलर म्हणायचे, नैर्ऋत्येला टकर.
इथे वॉकर.
दिवसभर चालायचं, जागच्या जागी.
पुढे पाणचक्कीचे हातोडे आले, पाय मोकळे झाले.
नाव नाही सुटलं."
पांघरुणातून त्यांनी पाऊल बाहेर काढलं,
पराती एवढं, सपाट.
"हे बघ. हेही नाही सुटलं."

व्हेरोनानं पाऊल झाकलं. हसली नाही.
"तुमच्यावर कामाचं नाव पडलं," ती म्हणाली,
"आमच्यावर मालकाचं.
जमैका, सेंट एलिझाबेथ. उसाचा मळा वॉकरसाहेबांचा,
म्हणून मळ्यातली माणसंही वॉकर,
गुरांना डाग देतात तसं.
माझ्या पणजीची आजी वहीत अशी आहे :
फीबी, वय अंदाजे नऊ, पुढे रक्कम.
आईनं तिला काय हाक मारली असेल
त्याला वहीत रकाना नाही.
अजून अर्धं गाव वॉकर आहे आमचं.
सोयरीक जुळवताना आधी विचारतात,
कुठल्या वॉकरांपैकी?
आणि उत्तर कुणालाच येत नाही."

"तो आमच्यापैकी नसणार," थर्झाबाई घाईनं म्हणाल्या,
"आमच्याकडे कुणाकडे एवढा पैसा?"
रेडिएटर दोनदा खोकला.
"कापड मात्र जायचं. लिव्हरपूलला. जहाजावर.
पुढे कुठे, ते आम्ही विचारलं नाही."

"जाडंभरडं? निळसर राखाडी? मानेला टोचणारं?"

"... हो."

"वर्षातून एकदा वाटायचे म्हणे. माणशी सहा वार.
आजी सांगायची, तिला तिच्या आजीनं सांगितलेलं.
उन्हात ते अंगाला कसं चावायचं."

मी तिथे उगाच उभा. हातात खडू.
माझं नाव क्रॅब्ट्री. रानसफरचंदाचं झाड.
कुणा पूर्वजाच्या दारात असेल एखादं, आंबट,
मी ते पाहिलेलं नाही
आणि आजवर त्याबद्दल कुणी मला काही विचारलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात ॲल्युमिनियमचा घोडा आला.
"चला, मिस वॉकर."
"चल, नर्स वॉकर."
खाटेपासून खिडकीपर्यंत अकरा पावलं,
मध्ये तीनदा थांबून, एकदा शिवी देऊन.
दोघी एकमेकींशी गोड वागल्या असं नाही म्हणता येणार.
पण कोपर एकीनं सोडलं नाही
आणि दुसरीनं ओढून घेतलं नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी भाची येऊन बाईंना घेऊन गेली.
खाट अकरा पुसली. फळ्यावर एकच वॉकर उरली.
आता गोंधळ नव्हता,
म्हणून मी ओला बोळा व्हीवर नेला.
"राहू द्या, मिस्टर क्रॅब्ट्री," पाठीमागून आवाज आला.
"तेवढंच माझ्या आईनं ठेवलेलं."