चित्रफलक चौदा

खानापूरच्या वाचनालयात
देवळाच्या गावाला दोन खण आहेत,
कारण गावाला नावं दोन.
एका खणात देवनागरी कार्ड, दुसऱ्यात कानडी,
दोन्हींवर क्रमांक तोच,
पुस्तकही एकच, लोखंडी कपाटातलं.
गावाचं नाव मी इथे लिहीत नाही.
कुठलंही लिहिलं तरी कोणीतरी दुरुस्त करतंच.

अंगडींनी स्टुलावर चढून ते काढलं,
फडक्यानं पुसलं, आणि माझ्या हाती देण्याआधी
स्वतःच वास घेतला.
"बाहत्तर सालानंतर कोण नेलंच नाही की हो हे, टीचर."
मागच्या खिशातल्या कार्डावर जांभळ्या तारखा,
शेवटची फिसकटलेली.

मला एकच बाई हवी होती.
मलप्रभेच्या अंगाला, देवळाच्या उत्तर भिंतीवर,
कंबरेत किंचित वाकून उभी असते ती,
उजवा हात कोपरापासून नाही.
तीस वर्षं मी मुलांची सहल तिथे नेली,
दर वर्षी कोणीतरी विचारायचंच,
बाई, तिच्या हातात काय होतं?
फूल, मी म्हणायचे.
चित्रकलेच्या बाईंचं काहीही खपतं.
आता पेन्शन आहे, लांबच लांब दुपारी आहेत
आणि त्या फुलाची लाज.

पुस्तकातले फोटो हात शाबूत असतानाचे.
अनुक्रमणिकेत लिहिलेलं होतं: चौदा, उत्तर भिंत, स्त्री.
बारा. तेरा. पंधरा.
मधे शिवणीला चिकटलेली बोटभर पट्टी,
ब्लेडनं कापल्याची सरळ रेघ.
माझ्याहून जास्त आवडली असणार ती कुणाला तरी.

मी तशीच बसून राहिले.
वीज गेली, पंखा दोन गिरक्या उधारीवर फिरला.
अंगडींनी खिडकी उघडली, आणि तिरप्या उजेडात
दिसला चोरानं मागे ठेवलेला कागद,
फलकावर घालतात तो, कांद्याच्या पापुद्र्यासारखा.
त्यावर चहाच्या रंगाचा डाग.
डागाला अंबाडा. डागाला कंबर.
आणि वर उचललेला अख्खा हात,
उजव्याचा डावा झालेला,
मुठीत दांडी, दांडीवर काहीतरी वाटोळं.
इतकी वर्षं पानाला पान टेकून होतं,
शाई तेवढी उतरली.

कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक अक्षरं, कानडी.
माझं कानडी एसटीच्या पाटीपुरतं.
क. न्न. डि.
दातावर दात बसले माझे.
म्हटलं, इथेही?
फुंकर मारली तर उडेल अशा कागदावरसुद्धा
लावून ठेवलीच का पाटी?
पर्समध्ये खोडरबर असतोच माझ्या.
तो बाहेर आला होता,
एका अक्षराच्या शेपटीवर टेकलासुद्धा होता.

अंगडी वाकले, चष्मा कपाळावर ढकलला
आणि असे हसले की रजिस्टर लिहिणारी पोरगी वळून बघायला लागली.
"अहो, कन्नडी म्हंजे आरसा!
आमची अव्वा म्हणायची, कन्नडीत बघून कुंकू लाव गं, वाकडं जातंय."

मी काही बोलले नाही.
कागद खिडकीच्या काचेला पाठमोरा लावला.
डाव्याचा पुन्हा उजवा झाला.
आरसा तिनं तोंडासमोर धरलेलाच नाही,
जरासा कलता धरलाय,
मागून कोण येतंय ते बघितल्यासारखा.
ट्रेसिंग केलं. हात थोडा कापला.
मग त्या तीन अक्षरांखाली, तेवढ्याच बारीक,
मी लिहिलं: आरसा.

"पुस्तकात लिहिल्याला दंड आहे, टीचर,"
अंगडींनी भिंतीकडे बोट केलं.
तिथेही दोन भाषा, रक्कम एकच.
पाच रुपये दिले. पावती कानडीत मिळाली,
ती मी वाचत वाचत पायऱ्या उतरले,
माझं नाव तेवढं लागलं.

कल्लाप्पा बिर्जे आता बेळगाव गाडीवर कंडक्टर आहे.
सातवीत असताना त्यानं भिंतीसमोर उभं राहून विचारलं होतं,
फूल असतं तर एवढा दंड कशाला फुगवला असता, बाई?
आणि मी त्याला रांगेत उभं राहायला सांगितलं होतं.
पावणेसहाची गाडी त्याचीच असते.