सुनावणीची वेळ दहा

गावखडीच्या शाळेत चार बाकं जोडून नकाशा पसरला.
वारा होता, म्हणून कोपऱ्यांवर रेशन दुकानातली वजनं:
दोन किलोची दोन, एकाचं एक,
चौथ्या कोपऱ्यावर माझा डबा.

एक सेंटीमीटर म्हणजे चाळीस मीटर.
मुचकुंदीचं मुख माझ्या पंजात मावत होतं.
हिरवं ते कांदळवन, तिरप्या रेघांचं ते खाजण,
लाल तुटक रेघ भरतीची,
आणि माशाचं चिन्ह मी ठेवलं होतं
जिथं छपाईला रिकामी जागा सापडली तिथं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. दहा. सव्वादहा.
आले ते सगळे पुरुष.
भिकाजी डोर्लेकर बोलले पर्ससीनवर,
रात्री बारा वावांच्या आत येऊन दिवे पेटवणाऱ्या बोटींवर.
"समुद्रात दिवाळी अन् आमच्या जाळ्यात पाणी."
मी लिहून घेतलं: मुद्दा क्रमांक एक.
कुणी जेटी मागितली. कुणी बंधारा.
आणि सुरूच्या बनाशेजारी जमीन घेतलेल्या एका पाहुण्यानं
अगदी मऊ आवाजात विचारलं,
ही लाल रेघ थोडी पश्चिमेला सरकेल का.

साडेअकराला दारात बादली टेकल्याचा आवाज.
हलिमा होडेकर, मागे आणखी सहा-सात जणी,
गुडघ्यापर्यंत चिखल,
बादल्यांत तिसऱ्या तोंडं मिटून.
"दहाची येळ कुनी लावली?
आज चवथ. चाराची पाऊणपट तीन.
तिनाला भरती, म्हंजे नवाला सुकती.
त्या टायमाला आमी खाडीत असनार
का तुमच्या बाकावर?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
माझ्या वेळापत्रकात सुट्ट्या होत्या, तिथ्या नव्हत्या.

ती वाकली. लाल रेघेवर बोट टेकलं.
"ही कंची भरती? उधानाची का भांगाची?"
मी म्हणालो, उपग्रहाची.
बाकीच्या हसल्या. ती नाही.

मग ते बोट निळ्यात उतरलं,
पूर्णगडाच्या अंगानं आत, दुसऱ्या वळणावर,
जिथं माझ्याकडे नुसता रंग होता.
"हितं भाटी हाय. बी हितं धरतं.
मिरग लागला की चार म्हयने आमी हात लावत नाय,
पोरं रडली तरी नाय."
मी पेन्सिल काढली.
नाव काय या भाटीचं?

बराच वेळ तिनं नुसतं त्या निळ्याकडे पाहिलं.
"नाव कागदावर आलं की लिलावात येतं.
आन् नाय आलं तर तुमची जेटी हितंच बसनार.
व्हय ना?"

वजनाखाली कागद फडफडला.
या प्रश्नाचं कलम मला नियमावलीत ठाऊक नव्हतं,
साहेबांनाही नसावं,
ते चहाचं विचारू लागले.
"तूच ठरव," ती म्हणाली, "तुला पगार हाय."

आणि सगळ्या बादल्या उचलून गेल्या,
कारण बाजार काही सुनावणीसाठी थांबत नाही.
शाळेच्या फरशीवर पावलं उरली,
दारापर्यंत ओली, दाराबाहेर उन्हानं पुसलेली.

मी नाव विचारायला मागे गेलो नाही.
नकाशा गुंडाळला, नळीत घातला,
संध्याकाळच्या एसटीनं रत्नागिरी.
नळी मांडीवर आडवी,
वळणावळणाला शेजाऱ्याला लागत होती.

सोमवारी यंत्रातून नवी प्रत निघाली.
साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"खाडीच्या मधोमध हे बेट कुठलं? आधी नव्हतं."
करडं, लांबट, एका टोकाला निमुळतं.
डोळा जवळ नेला तर आत बारीक रेषा,
वळणं घेत एकमेकींत शिरलेल्या,
वाळलेला चिखल, बोटाच्या पेराएवढा.

खोडरबर टेबलावरच होतं.
आहे ते, साहेब, मी म्हणालो.
ओहोटीला दिसतं.