बंद ठेवलेला थर

सकाळी कोशीनं गुडघ्याला पट्टा आवळला
आणि म्हणाला, आज ऊन आहे.
साडेनऊला वारा सुटला.
अकराला धुकं, इतकं की पुढच्या दगडावरची
पिवळी-पांढरी-तांबडी खूण
हातानं चाचपावी लागली.
दुपारी परत ऊन,
शर्टाच्या पाठीवर मिठाचा नकाशा उमटवणारं.
जबल अख्दर. चौथा दिवस.
कुठला कपडा अंगावर, कुठला पिशवीत,
दिवसभर याचाच हिशेब.

तेवीस वर्षं मी हा डोंगर काढला.
मस्कतला, रुवीत, दुसऱ्या मजल्यावर,
एसी फार म्हणून स्वेटर घालून.
दर वीस मीटर उंचीला एक रेघ.
रेघा दाटल्या की तिथं कडा,
एवढं मला ठाऊक होतं.
तिथं छातीही दाटते, हे नव्हतं.

रस्त्याचं काम आलं तेव्हा
पायवाटेचा थर मीच बंद केला.
तुटक रेघ, फिकट करडी,
छापताना उगाच गिचमिड व्हायची.
माऊसची एक टिचकी.
गावं राहिली, खजुरी राहिल्या,
पाण्याचे पाट राहिले (इथं फलज म्हणतात),
मधलं येणंजाणं तेवढं गेलं.
कुणी विचारलं नाही.
आकडे कोशी साइटवरून पाठवायचा,
उन्हात दुर्बिणीला डोळा लावून.
त्यानंही नाही.

जूनमध्ये दोघांचेही व्हिसे संपतात.
तो कोट्टयमला, मी संगमनेरला.
एकदा चालून बघू, म्हणाला तोच.

तिसऱ्या प्रहरी गारा.
आधी वाटलं, वरून शेळ्या खडे पाडताहेत.
हुमैद बिन सैफनं दंडाला धरून
आम्हाला कपारीत ओढलं.
त्याच्या वाफ्यांत डाळिंबं फुलली होती,
दोन मजले खाली, लालभडक,
पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.
तो कान देऊन होता कोरड्या वादीकडे.

गारा थांबल्या. आभाळ धुतल्यासारखं.
वादीत थेंब नाही.
मी म्हटलं, चला, उतरू या.
तो म्हणाला, थांब.
पडतो तो पाऊस वेगळा,
येतो तो वेगळा.

मग आवाज आला.
पाण्याचा नव्हे, दगडांचा,
मोठ्या जात्यात कुणी हरभरे भरडावेत तसा.
त्यामागून पाणी, चहाच्या रंगाचं,
एक आख्खी बाभूळ, एक निळा पिंप,
एका पायातली चप्पल.
माझ्या कागदावर वादी म्हणजे
दोन निळ्या रेघा,
मध्ये कोरं.

रात्र कपारीतच काढली.
वेलदोड्याची कॉफी, तळाला गेलेला खजुराचा डबा,
कोशीचं घोरणं.
हिंदी-अरबीच्या खिचडीत हुमैद सांगत होता:
ही वाट आजोबांनी नाही पाडली,
आजोबांच्या गाढविणीनं पाडली.
ती अडून बसली तिथून वाट वळली.
आजोबा महिनाभर तिला शिव्या देत होते,
मग एक दिवस सरळ वाट दरीत गेली.
तो हसला. शेकोटीही तडतडली.

मला ते वळण आठवलं.
सर्व्हेची चूक समजून
मी ते सरळ केलं होतं,
थर बंद करायच्या आधी.
नीटनेटकेपणाची सवय.
हुमैदला सांगितलं नाही.
कॉफी संपली होती तरी
पेला हातात फिरवत राहिलो.

उजाडता पाणी पोटरीपर्यंत उतरलं.
हुमैद पुढे, मध्ये कोशी, मागे मी,
बूट गळ्यात, कोशीच्या पिशवीचा बंद मुठीत.
पाणी असं गार की बोटं
आपली आहेत की दगडाची, कळेना.
पलीकडच्या खडकावरची खूण
अर्धी खरवडून गेलेली,
तांबडा तेवढा शिल्लक.

तिथून वाट डावीकडे वळते,
कारण नसल्यासारखी,
आणि परत सरळ होते.
एकोणीस पावलं. मोजली.

कोशी बुटांच्या नाड्या बांधत
वर बघून म्हणाला,
ढग येताहेत.