पान चार

ऑर्विल क्नेप मला 'टिप' म्हणायचा.
टिपणीस त्याच्या जिभेला लांब पडायचं.
त्याला काय ठाऊक,
आमच्याकडे टीप पानाच्या तळाशी असते,
बारीक टायपात,
आणि ती कुणी वाचत नाही.

हार्मन्सबर्ग, ओहायो. सन अडुसष्ट.
दिवसा धातुशास्त्राचे वर्ग,
रात्री 'कुरिअर'च्या छापखान्यात
तासाला एक डॉलर साठ सेंट.
शिशाचा वास अंगावरून जाता जात नसे.
खोलीवर वरणाला फोडणी दिली की
दोन्ही वास एकमेकांकडे
नव्या भाडेकरूसारखे बघत राहायचे.

माझ्याकडे पान चार. वाचकांची पत्रं.
अक्षरं उलटी, डोकं खाली पाय वर.
महिन्याभरात मला ती सरळ दिसू लागली
आणि रस्त्यावरच्या पाट्या अडखळायला लागल्या.

मिस लेनोर टॅगार्ट, सातवीच्या इतिहासाच्या बाई,
दंडाला काळी फीत बांधून वर्गात आल्या
त्या आठवड्यात सत्तावन्न पत्रं आली.
"तिला मॉस्कोचं तिकीट काढून द्या" –
खिळे-मोळे विकणारा ग्रोव्हर टिल्सन.
"तिला पगारवाढ द्या" – खाली सही नाही.
ऑर्विलने दोन रकाने पाडले होते,
बाजूने आणि विरोधात,
मध्ये केसाएवढी रेघ.

एक पत्र पेन्सिलीने लिहिलेलं:
माझा मुलगा बाईंच्या वर्गात होता.
तो आता दा नांगला आहे.
त्याला सगळ्या लढायांची सालं पाठ आहेत.
बस्, एवढंच.
ऑर्विलने ते दिव्याखाली धरलं, मागे उलटून पाहिलं.
"हिची बाजू कुठली, टिप?
बाजूच नसेल तर लावू कुठे?"
मी ते तळाशी बसवलं.
बारीक टायपात.

मथळ्याच्या ठोकळ्यांत 'डब्ल्यू' कमी पडायचे.
युद्धाचं पहिलंच अक्षर, रोज लागायचं.
ऑर्विल 'एम' उलटा करून ठोकायचा.
पाय जरा फाकलेले दिसत.
गावात कुणी तक्रार केली नाही.

छपाई झाली की ओळी परत भट्टीत.
ग्रोव्हर आणि तो बिनसहीवाला एकाच कढईत,
आधी कडा सुटायच्या, मग पोट.
वर धरलेली मळी झाऱ्याने काढायची माझ्याकडे.
दुसऱ्या दिवशी त्यातूनच टायरचा सेल,
चर्चचं चिकन-जेवण,
आणि अधूनमधून एक नाव, वय एकोणीस,
घरी आई, दोन बहिणी.

नोव्हेंबरात एक पत्र आलं
नदीपलीकडे, कॅनडात पळालेल्या भित्र्या पोरांबद्दल.
ऑर्विलचा डेल विंडसरला होता,
हे छापखान्यात सगळ्यांना माहीत होतं
म्हणून कुणी बोलत नसे.
मी हात पुढे केला. त्याने दिलं नाही.
स्वतः यंत्रावर बसला,
जुळवलं, एका दमात.
त्यात 'भित्रा'चं स्पेलिंग चुकलं होतं.
ते त्याने दुरुस्त केलं.

मग डब्यातलं अर्धं सँडविच माझ्यापुढे सरकवलं.
बीफ नाही, म्हणाला, मी बघितलंय.

डिसेंबरात मालकांनी बोलावलं.
हात चांगला आहे तुझा, राहा इथेच, कागद मी करतो.
फॉर्म जाड होता. तिसऱ्या पानावर,
तळाशी, अगदी बारीक टायपात:
कार्ड मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत
भरतीसाठी नाव नोंदवणे बंधनकारक.

माझं वय तेव्हा चोवीस.
आईच्या पत्रात त्याच आठवड्यात
दाते काका विचारत होते, तिकडे थंडी फार का.

मिस टॅगार्ट नाताळाआधी गेल्या.
बातमी चार ओळींची झाली.
पाचवीला जागा होती,
पण मजकूर नव्हता.

फॉर्म अजून आहे, कपड्यांच्या खाली.
कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा करडा डाग.
आडनाव आधी लिहा, म्हटलंय त्यावर.
तेवढं लिहिलेलं आहे.