पातळी

सकाळी नऊ वाजता राजाराम बंधारा एकतीस फूट.
फोनवर आलेला आकडा वाचून
मी लॅपटॉप उघडते.
चार कंपन्या, चार ताळेबंद.
शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगायचंय
कुणाच्या पायांत किती बळ.

शाहूपुरीत, गुळाच्या जुन्या अडतीच्या माडीवर
एक खोली घेतलीय भाड्यानं, या कामासाठी.
खाली मगदूम दिवाणजी.
अडत बंद होऊन अकरा वर्षं झाली,
ते अजून येतात. गल्ला पुसतात. पंखा लावून बसतात.
चार वाजता चहा घेऊन वर.

पहिलीकडं रोकड इतकी
की शून्यं मोजताना बोट दोनदा घसरलं.
कर्जही तेवढंच, डोंगराएवढं.
दिवाणजी चष्मा सावरून वाकतात:
"पैसा हाय, मग उसनं कशाला काढलंय बाईनं?"
मी सांगते, पैसा परदेशात पडून आहे,
इकडं आणायचा तर कर भरावा लागतो,
त्यापेक्षा व्याज स्वस्त.
"म्हंजे कणगी भरल्याली
आन् पीठ शेजारणीकडनं."
हसतात. मग हसायचं थांबतात.
"शेजारीण कधी मागाय येनार, लिवलंय का कुठं?"

लिहिलंय. टीप क्रमांक सतरा, मुंगीएवढ्या अक्षरात.
मी ती वाचली नव्हती.

दुसरीवर एका पैशाचं कर्ज नाही.
तिला मी हिरवा रंग देऊन टाकला होता.
आता महिन्याला जातात किती ते काढलं,
शिलकीला त्यानं भागलं:
चौदा महिने.
चिंचेनं घासून लख्ख केलेली घागर,
बुडाशी केसाएवढी चीर.

तिसरी देणेकरी, पण देणं दहा वर्षांनी,
आणि तिची गिऱ्हाइकं
दुधाच्या रतिबासारखे पैसे भरतात,
न चुकता, कुरकुरत.

चौथीबद्दल मला विचारू नका.
तिचे आठ शेअर माझ्या नावावर आहेत.

"पाच सालच्या पुरात," दिवाणजी बशीत चहा ओततात,
"समोरच्या पेढीत बावीसशे रवे हुते.
ह्या हातानं वही लिवली मी त्यांची, शिल्लक म्हनून.
पानी आलं, चार दिस ऱ्हायलं.
दार उघडलं तर आत निस्तं गोड पानी.
वहीत शिल्लक तशीच की.
बावीसशे."
बशी पिऊन होईपर्यंत
दोघंही काही बोलत नाही.

खालच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटच्या दोन रेघा आहेत.
एक पाच सालची, एक एकोणीसची.
एकवीसला रंग उरला नव्हता.

साडेसहा वाजता बंधारा चौतीस फूट दोन इंच.
इशारा एकोणचाळीसला, धोका त्रेचाळीसला,
हे इथं पोरं पाढ्यांबरोबर शिकतात.
पण रस्त्यात भेटलेला माणूस फूट विचारत नाही,
तो विचारतो, तासाला किती चढतंय?

मी तक्त्यात एक रकाना वाढवते.
किती आहे, किती देणं आहे, यांच्या शेजारी:
किती दिवस.
हिरवा पुसते. पहिलीपुढं प्रश्नचिन्ह ठेवते,
साहेब फोन करतील, करू देत.

कागदाच्या पाठीमागं, पेन्सिलीनं, सहज:
नागाळा पार्कातला फ्लॅट, हप्ते एकोणीस वर्षांचे.
बचत, साडेतीन महिने.
टीप क्रमांक एक: आईचा गुडघा.
एवढं लिहून कागद उलटा ठेवते.

खाली दिवाणजी आवरायला लागलेत.
पासबुक, चार नोटा, चाव्यांचा जुडगा, बायकोचा फोटो
प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात,
गाठ मारतात, पुन्हा एक गाठ,
आणि स्टुलावर चढून पिशवी खुंटीला अडकवतात.

खुंटी वरच्या रेघेपेक्षा दीड हात उंच.
कधी ठोकली, मी विचारलं नाही.