दोन सिस्टर

कुडतरीच्या शाळेत, मे महिन्यातले दहा दिवस,
आम्ही दोघी सिस्टर.
एक सिस्टर एर्मेलिंडा: पांढरा वेल, कमरेला जपमाळ,
एका शिट्टीत सत्तर मुलं रांगेत उभी करणारी.
दुसरी मी. बांबोळीच्या इस्पितळातून निवृत्त,
मूळची दोडामार्गची, कपाळाला टिकली,
चौथी ‘ब’च्या वर्गात दोन खाटा, एक बाक
आणि फळ्यावर कुणाची तरी न पुसलेली बेरीज.

“सिस्टर!” अशी हाक येते
तेव्हा आम्ही दोघीही वळतो.
मूल बायबल पुढे करतं की गुडघा,
त्यावरून ठरतं, हाक कुणाला.

वहीत मी लिहिते:
सकाळी साडेसात. रेवेल, वय नऊ. ओली काजूबी दातांनी फोडली.
चीक हनुवटीपर्यंत, ओठ सुजून वांगं.
साबणाने धुतलं, खोबरेल लावलं. किंचाळला,
मग विचारलं, बी भाजली की देणार ना?
अकरा. शेनेल. नाकातून रक्त. ऊन.
अकरा दहा. शेनेलची मैत्रीण. काही नाही, बघायला आली.
साडेचार. आल्दाचा दात पडला.
शाळेला गच्ची आहे, कौलं नाहीत, दात टाकायचा कुठे?
“तू सांभाळ,” म्हणाली,
आणि कापसात गुंडाळून माझ्या हातावर ठेवला.

दुपारी पेजेच्या वेळी कुणीच आजारी नसतं.

रात्री नऊला पोटं दुखायला लागतात.
पोट दाबून सांगण्यात माझी तेहेतीस वर्षं गेली:
हे अपेंडिक्स, हे जंत, ह्या कच्च्या कैऱ्या.
वेलरॉय रोज येतो. “सिस्टर, पोट दुखता.”
कुठे रे? बेंबीवर बोट ठेवतो,
मग बरगडीवर,
मग खिडकीकडे बघत राहतो.
सगळे फोन फादर लाझार यांच्या कपाटात, नावांच्या चिठ्ठ्या लावून.
आई कुवेतला, दुसऱ्यांची दोन मुलं सांभाळते.
तिथे आत्ता साडेसहा, त्यांच्या आंघोळीची वेळ.
हे त्याला पाठ आहे.

मी ग्लुकोजचं पाणी ढवळते,
चमचा जरा जास्तच वाजवते.
औषध वाटायला आवाज लागतो.
बाहेर चॅपेलात तेर्स चाललेली.
“तूं जेजूकडे मागता?”
मी थर्मामीटरकडे मागते, म्हटलं.
तो हसला,
आणि आपलं पोट दुखतंय हे आठवून थांबला.

माझी वृषाली सहा वर्षांची, मला नाइट ड्युटी.
शेजारच्या आल्बेर्तिनबाय तिच्या बेंबीला हिंग लावायच्या.
“रोज नवांक दुखता गो हिचें,” सांगायच्या.
मी जंतांचं औषध दिलं.
दोनदा.

आठव्या रात्री फादरना चिठ्ठी लिहिली,
इस्पितळात लिहीत आले तशी:
फोन. पाच मिनिटं. जेवणानंतर.
खाली सही.
फादरनी चष्मा पुसला. नियम, शिस्त, बाकीची एकोणसत्तर मुलं.
एर्मेलिंडाने किल्ली आधीच काढली होती.
“हांवूय सिस्टर न्हय?” एवढंच म्हणाली.

वेलरॉय पोटाबद्दल अवाक्षर बोलला नाही.
रेवेलचे ओठ, तळ्यातली म्हैस, गोणपाट शर्यतीत दुसरा नंबर.
पलीकडे कुणाचं तरी मूल रडायला लागलं, अरबीत.
“बरें, तूं वच, ताका न्हाणय,” म्हणाला
आणि चौथ्याच मिनिटाला त्यानेच फोन ठेवला.
मग माझ्याकडे आला. ग्लुकोज पाहिजे होतं.
मी चमचा वाजवला.

शेवटच्या दिवशी जीपा, स्कूटर, मामा, आज्या.
रेवेलच्या ओठांवर नवी कातडी, गुलाबी.
खोक्यात उरलं: बँडेज तीन, कॅलामाइन अर्धी बाटली,
एक चप्पल, डाव्या पायाची.

दात राहिला तो माझ्या पर्समध्ये.
कदंबाच्या गाडीत दोनदा चाचपून पाहिला.
दोडामार्गला पोचले, अंधार पडला होता.
आमच्या घरावर अजून मंगळुरी कौलं आहेत.
वर टाकला, तर खडखडत खाली आला.
पुन्हा टाकला.
आल्दाला कळवलेलं नाही.