आठ बाय दोन

पौष सरताना गच्चीवर
टेप धरून ओणवा झालो:
आठ फूट बाय दोन.
चौतीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात
लोकांची रानं कागदावर उतरवली,
हे माझं पहिलं,
एकास एक.

खालच्या मजल्यावरचे खाबिया म्हणाले,
"शाळिग्राम, गळती झाली तर?"
लिहून दिलं. सही, तारीख.
सवय जात नाही.

जुन्या बाजारातून निळं पिंप आणलं, उभं चिरून,
तापल्या सळईनं तळाला भोकं पाडली.
कोपऱ्यावरच्या रसवंतीतून दोन पोती चिपाडं;
पोरगा म्हणाला, न्या काका,
नाहीतर उचलायचे पैसे आम्हीच देतो.
आणि रस्ता झाडणाऱ्या झुंबराबाईंनी
न पेटवता राखून ठेवलेला
शिरिषाचा पाला.

चिपाड, पाला, शेण, पुन्हा पाला.
वरून आंबट ताक.
आठव्या दिवशी हात घातला
तर आत ताप भरलेला.
थांबलो, उतरेपर्यंत.
मग वर चार बोटं पोयटा,
आणि चौकातल्या होळीची राख, चाळून.

विंझरच्या मेहुणीनं बी धाडलं
वीजबिलांच्या पुड्यांतून:
गवार, भेंडी, लाल माठ.
दुधीच्या पुडीवर
थकबाकी एकशे बारा रुपये.

मी नकाशा केला. उत्तर दिशा दाखवली,
माठाला लाल तिरप्या रेघा.
पट्टी लावून नऊ नऊ इंचांवर
बोट दोन पेरं आत खुपसत होतो,
तेवढ्यात पोतं टेकवायला आलेल्या झुंबराबाई
जिन्याशी थबकल्या.
"सायेब, पेरताय का पुरताय?"

पदर खोचला. मूठभर माती दाबली,
उघडली, टिचकी मारली.
ढेकूळ फुटलं.
"वाफसा हाय. बी जेवढं जाड
तेवढीच वर माती."
माझ्या रेघा एका पंज्यानं मोडल्या
आणि वाळूत कालवलेला माठ
मीठ भुरभुरावं तसा टाकला.

"रान होतं का तुमचं?"
"व्हतं की. मोसे खोऱ्यात.
धरणात गेलं."
हात झटकले.
"झारी हाय का?"

टेबलावरचा दिवा आठवला.
बुडीत क्षेत्राची कड,
तिच्या आतलं सगळं निळं भरायचं
काम माझ्याकडे होतं.
शाई पसरू नये म्हणून
श्वास धरून भरायचो.
साहेब म्हणाले होते, स्वच्छ काम.
निळ्याखालून गट नंबर
थोडे थोडे दिसत राहायचे.

हे बोललो नाही.
नळाखाली झारी धरली.
पाणी तिथलंच,
धरणातून कालव्यानं, टाकीतून नळाला.
त्यांनी ते घातलं
तळहातावरून ओघळू देत, सावकाश,
बी उघडं पडू नये असं.
मग पोतं झटकून, घडी करून, खाली गेल्या.
त्यांची अर्धी गल्ली झाडायची होती.

गुरुवारी पाणी बंद.
बादली भरून ठेवली होती.
सहाव्या दिवशी गवार वर आली,
पाठीवर मातीची खपली घेऊन, वाकलेली.
माठ दाट, बेशिस्त.
दुधीचं अजून काही नाही.

पिंप एका बाजूनं डुगडुगत होतं.
नकाशाची घडी केली, आणखी एक केली,
आणि त्याच्या बुडाखाली सारली.